अकरा मिनिटांची जवारी

“मग तुम्हीच सांगा चाचा, आजवर किती जणांना शिकवलंत तुम्ही?”

श्रेणिकने हे विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या एका भोपळ्याची चीर चिकट सरस भरून बुजवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तीन,” ते म्हणाले.

श्रेणिकला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. पंचाहत्तरीचा माणूस, साठ वर्षं तंबोरे घडवलेले, आणि शिष्य तीन. त्याने मनातल्या मनात मोजून पाहिलं. एक चाचांचा पुतण्या, तो हुबळीला गेला. दुसरा कुपवाडचा रावसाहेब, तो वारला. तिसरे आपणच असणार.

“माझ्याकडे एक्केचाळीस हजार आहेत,” तो म्हणाला.

“मग घर मोठं लागत असंल.”

“घरी कशाला येतील? वेबसाइटवर शिकतात. आपापल्या घरी, आपापल्या वेळेला.”

“हं...” म्हणून चाचांनी भोपळा सुतळीने आवळून बांधला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

श्रेणिक आरवाडे चार वर्षांनी मिरजेला आला होता. पुण्याहून स्वतःची गाडी काढून पहाटे निघाला, ती गल्लीत शिरेना म्हणून चौकात लावली आणि उरलेलं अंतर चालत आला. चालताना दोन ओळखीच्या दुकानदारांनी हाक मारली, तेव्हा त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती. या कारखान्यात तो तीन वर्षं शिकला. तंबोऱ्याला तारा चढवणं, खुंट्या बसवणं, पॉलिश, सगळं शिकला. एकच राहिलं होतं. ते राहिलेलं असतानाच तो पुण्याला गेला, आणि गेला तो गेलाच.

वेबसाइटची कल्पना त्याचीच. गायला शिकणाऱ्याला तंबोरा लावता येत नाही, दूरच्या गावात तर दाखवायलाही कोणी नसतं. अशांसाठी त्याने धडे तयार केले. तार कशी बांधावी, स्वर कसा मिळवावा, भोपळ्याला चीर गेली तर काय करावं. धडा संपला की दहा प्रश्न, उत्तरं बरोबर आली की प्रमाणपत्र. लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्याचा आवाजही मूळचा गोड आणि समजावून सांगणारा. कितीतरी जण लिहायचे की, सर, नुसतं तुमचं बोलणं ऐकलं तरी धीर येतो.

त्यातला सर्वांत लोकप्रिय धडा जवारीचा.

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने घासून असा किंचित उतरता करायचा की तार तिथे जेमतेम टेकते, आणि एका तारेतून अख्खा गुंजारव उठतो. ती जवारी. थोडं कमी घासलं तर तार मुकी, थोडं जास्त घासलं तर चिरकी. आणि घासून गेलेलं परत आणता येत नाही.

हा धडा श्रेणिकने स्वतःच्या हातांवर केलाच नव्हता. इथून जाण्याच्या आठवडाभर आधी त्याने चाचांना विचारून समोर मोबाइल लावला होता, आणि चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत असताना सगळं टिपून घेतलं होतं. त्यावर नंतर आपला आवाज चढवला. पडद्यावर चाचांचे नुसते हात दिसतात, ऐकू येतो तो श्रेणिक. धड्यावर नावही त्याचंच. चाचांचं नाव शेवटी, आभारांत, बारीक अक्षरांत.

आणि आता एक अडचण झाली होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती.

शिकणारे एकच प्रश्न विचारत होते. सर, थांबायचं कुठे? कानस कधी खाली ठेवायची? सुरुवातीला दहा-वीस जणांनी विचारलं, मग शेकड्यांनी. तो प्रत्येकाला लिहायचा की सरावाने कळेल. पण त्याचं त्याला ठाऊक होतं की हे उत्तर नाही. थांबायचं कुठे हे त्यालाच माहीत नव्हतं. तेवढंच तर शिकायचं राहिलं होतं.

त्याने चाचांना तीनदा फोन केला. येऊ का, तुमचं पुन्हा थोडं चित्रीकरण करायचंय. तिन्ही वेळा चाचा “बघू” म्हणाले. गेल्या आठवड्यात मात्र त्यांचा आपणहून फोन आला. मंगळवारी ये म्हणाले, सकाळच्याला. श्रेणिकला वाटलं, म्हातारा विरघळला.

“धडा बघता का, चाचा? तुमचेच हात आहेत.”

चाचांनी हात पुसले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. श्रेणिकने मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि अकरा मिनिटं तो त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. चाचा शेवटपर्यंत हलले नाहीत.

“गोड बोलतोस,” ते म्हणाले.

“आवडलं?”

“मी मधनं मधनं उठून बाहेर गेलो हुतो, ते कुठं हाय?”

श्रेणिक हसला. त्याला तो दिवस आठवला. चाचा एक-दोन हात कानस फिरवत, घोडी बसवत, तारा मिळवत, एकदा छेडत, आणि चक्क उठून जात. बाहेर कडुनिंबाखाली एक लाकडी बाक होता, त्यावर बसत. चहा पीत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, कधी काहीच करत नसत. मग पाऊण तासाने परत येऊन पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी तार छेडत. सकाळी नऊला बसले होते, दुपारचा एक वाजला. चार तासांचं चित्रीकरण, आणि त्यातले सव्वातीन तास मोबाइलसमोर काय, तर चाचांचं बसायचं गोणपाट. दुमडलेलं, मधे खळगा पडलेलं रिकामं पोतं.

“ते काढून टाकलं, चाचा. रिकामं पोतं कोण बघत बसणार?”

“हं...”

“लोकांना वेळ नसतो हो.”

“मग मूळचं कुठं हाय? समदं?”

“ते पुसलं. फार जागा खात होतं.”

चाचांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. ते पुन्हा सरसाच्या डब्याकडे वळले. श्रेणिकला वाटलं, त्यांना नीट समजलं नसावं. त्याने पिशवीतून नवा कॅमेरा काढला आणि तिवई उघडू लागला.

तेवढ्यात दारात सावली पडली.

चाळिशीच्या एक बाई होत्या. साध्या सुती साडीत, खांद्याला शबनम, आणि दोन्ही हातांत वाकळीत गुंडाळलेला तंबोरा. उभा धरला तर त्यांच्यापेक्षा उंच झाला असता. त्यांनी तो आडवा, एखादं आजारी माणूस आणावं तसा, अलगद आत आणला.

“दस्तगीरचाचा तुम्हीच नं?”

“या बाई. मंगळवारचं म्हणालात आणि आलात. बसा.”

बाईंचं नाव यशोधरा मेश्राम. गोंदियाकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. दीड दिवस रेल्वेत बसून आल्या होत्या, आणि गाडीत तंबोऱ्याला धक्का लागू नये म्हणून रात्रभर त्याच्या शेजारी बसून होत्या. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, चाचांनी विचारलं म्हणून सांगितलं.

श्रेणिकने तांब्याभांडं पुढे केलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“हा आमच्याकडं शिकायला हुता,” चाचा म्हणाले. नाव सांगितलं नाही.

बाईंनी नमस्कार केला, पाणी प्यायल्या आणि वाकळ सोडली. तंबोरा जुना होता. दांडीवरची नक्षी बोटांनी झिजलेली, पण राखलेला असा की भोपळ्यात तोंड दिसावं. चाचांनी बसल्या जागेवरून चारी तारा छेडल्या.

आवाज आला तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.

चाचांनी डोळे मिटले. बाईंनी मान खाली घातली. श्रेणिकने असा आवाज यापूर्वी ऐकला नव्हता असं नाही, पण इतक्या चांगल्या लाकडातून ऐकला नव्हता.

“कसं झालं हे?” चाचांनी विचारलं. “फोनवर सांगितलं हुतं, पण पुन्हा सांगा.”

मग बाईंनी सांगितलं. तंबोरा डोंगरवार गुरुजींचा. त्यांनी बाईंना गाणं शिकवलं, लहानपणापासून. बाई शाळेतून येताना दूरवरून त्या तंबोऱ्याचा आवाज ऐकायच्या, आणि गुरुजी घरी आहेत हे त्यावरून कळायचं. तीन वर्षांमागे गुरुजी गेले. जाताना तंबोरा बाईंना दिला. पण तो लावायचे गुरुजी, बाईंना कधी हात लावायची वेळच आली नव्हती. चार महिने तो कोपऱ्यात मुका उभा होता. आसपास शंभर किलोमीटरात सांगणारं कोणी नाही.

“मग मला ती वेबसाइट सापडली,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “काय सांगू चाचा, देवच भेटला.”

श्रेणिकचा हात तिवईवर तसाच राहिला.

बाई सांगत गेल्या. रोज शाळा सुटली की त्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसत, तिथेच मोबाइलला रेंज येई. एकेक धडा वहीत उतरवून घेत. तार बांधायला शिकल्या, गुंजारव खुलावा म्हणून तारेखाली दोरा सारायला शिकल्या, खर्ज मिळवायला शिकल्या. ज्या दिवशी पहिल्यांदा चारी तारा जुळल्या त्या दिवशी रडल्या. शाळेतल्या पोरींनाही शिकवलं. त्यातल्या दोघी आता बाईंपेक्षा चांगला तंबोरा लावतात. सरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण सरांचा आवाज घरातल्या माणसाचा वाटावा इतका ओळखीचा झाला होता.

श्रेणिकला छाती भरून आल्यासारखं वाटलं. एरवी तो आत्ता पुढे झाला असता आणि म्हणाला असता, तो मीच. पण त्या चिरक्या तारांचा आवाज अजून खोलीत होता, आणि तोंड उघडायचं धाडस त्याला होईना.

“मग जवारीचा धडा पाहिला,” बाई म्हणाल्या.

गुरुजी गेल्यापासून तंबोरा जरा दबलेला वाटत होता. तारांनी घोडीवर खाचा पाडल्या होत्या. बाईंनी तो धडा चौदा वेळा पाहिला. कानस आणली. एका रविवारी मोबाइल समोर ठेवून, सर सांगतील तसं करत गेल्या.

“चौथ्या हाताला आवाज आला होता जी. अगदी गुरुजींचाच. माझ्या अंगावर काटा आला.”

“मग?”

“मग व्हिडिओत त्यांनी पुन्हा कानस घेतली. मी पण घेतली.”

“मला वाटलं, अजून छान होत असेल. थोडं ऐकलं, मग अजून थोडं घासलं. ऐकता ऐकता मला कळेचना, आधीचं बरं होतं का आताचं. व्हिडिओ संपला तेव्हा हे असं झालं होतं.” बाईंनी पदराने तोंड पुसलं. “सरांची काही चूक नाही. त्यांनी नीटच सांगितलंय. माझाच हात जड पडला.”

चाचा घोडीवर वाकले. अंगठ्याने तिचा माथा चाचपला.

“सांबरशिंगाची,” ते म्हणाले.

सांबरशिंगाच्या घोड्या आता होत नाहीत. कायद्याने बंदी आहे, आणि ती असावीच. पण ज्या जुन्या तंबोऱ्यांवर त्या होत्या त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर जन्मलेला, त्यांच्याबरोबरच जाणारा. ही पार खाली घासली होती.

“हिचं काही व्हायचं न्हाई, बाई,” चाचा म्हणाले. “हाडाची नवी बसवतो. आवाज येईल. चांगला येईल. पण गुरुजींचा येणार न्हाई.”

बाईंनी मान हलवली. हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक असावं. तरी डोळ्यांतलं पाणी खाली आलंच.

श्रेणिक पाहत होता. पडद्यावर चाचांची कानस सात वेळा फिरते, हे त्याला पाठ होतं. ते सात हात त्याने एकाला एक जोडले होते, मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवली नव्हती. दोन हातांच्या मधला तो पाऊण तास, कडुनिंबाखालचा, त्यानेच कात्रीने उडवला होता. आणि चौथ्या हातानंतर तर चाचा सर्वांत जास्त वेळ बाहेर होते, हे त्याला आत्ता आठवलं. आपण तेव्हा कंटाळून जांभया दिल्या, तेही आठवलं.

“आमचा पत्ता कसा लागला तुम्हाला?” चाचांनी विचारलं.

बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. व्हिडिओत हातांच्या मागे भिंतीवर तारांच्या दुकानाचं कॅलेंडर दिसतं, त्यावर मिरज लिहिलेलं आणि फोन नंबर. तिथे विचारलं, डाव्या करंगळीचं नख नसलेले कारागीर कोण? दुकानदाराने लगेच नाव सांगितलं.

“हात तुमचे, हे मी दारातच ओळखलं. बोलणारे सर दुसरे आहेत. त्यांना भेटायची फार इच्छा आहे. हे बघा, त्यांच्या सहीचं.”

त्यांनी शबनममधून प्लास्टिकच्या आवरणातलं प्रमाणपत्र काढलं आणि दोन्ही हातांनी चाचांपुढे धरलं. शाळेतल्या पोरीने निकाल दाखवावा तसं. चाचांनी ते घेतलं, दूर धरलं, जवळ धरलं.

“चष्मा कुठं ठेवला कुणास ठाऊक,” ते म्हणाले, आणि कागद श्रेणिकपुढे केला. “वाच रं. मोठ्यांदा वाच.”

चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

श्रेणिकने त्यांच्याकडे पाहिलं. चाचांनीही पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

“नको, चाचा,” तो पुटपुटला, अगदी ओठांतल्या ओठांत.

“वाच.”

त्याने कागद घेतला.

“श्रीमती यशोधरा मेश्राम यांनी... जवारी हा अभ्यासक्रम... यशस्वीरीत्या पूर्ण केला असून...”

बाईंची मान हळूहळू वर आली.

“...दहापैकी दहा गुण मिळवून... त्या...”

पुढे त्याला वाचवेना. खाली त्याची स्वतःची सही होती. निळ्या शाईची, वळणदार. ही सही सुंदर दिसावी म्हणून त्याने एकदा अख्खी दुपार घालवली होती.

“सर?” बाई म्हणाल्या.

त्याने कागद खाली घेतला.

“सर, तुम्ही?”

“हो.”

बाई रागावतील, निदान दोन शब्द तरी बोलतील, अशी त्याने मनाची तयारी केली. बाई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, पुढे आल्या आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

श्रेणिक चटका बसल्यासारखा मागे सरला. पाठ भिंतीला लागली, टांगलेल्या दांड्या एकमेकींवर आपटल्या.

“माझ्या पाया पडू नका. तुमच्या गुरुजींचा आवाज मी घालवला.”

“असं कसं म्हणता सर? घरी मुका पडला होता तंबोरा. तुम्ही होता म्हणून तर...”

“मी त्यात कापाकापी केली होती. चाचा मधे थांबत होते. ते मी काढून टाकलं.”

बाईंना ते लगेच समजलं नाही. त्या थोडा वेळ त्याच्याकडे आणि मग चाचांकडे पाहत राहिल्या. त्या शिक्षिका होत्या. समजलं तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही, प्रश्न विचारला.

“मग सर, थांबायचं कुठं असते?”

तोच प्रश्न. शेकडो जणांनी विचारलेला. श्रेणिकच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. सरावाने कळेल.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

सात वर्षांत, तीन इथली आणि चार तिथली धरून, हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. या खोलीत तीन वर्षांपैकी कुठल्याही दिवशी हे बोलला असता तर चाचांनी शिकवलं असतं. तो बोलला नव्हता. सगळं येतं असं दाखवत राहिला, आणि एक दिवस तसाच निघून गेला. आता या बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

चाचांनी एक पत्र्याचा डबा ओढला. त्यातून हाडाची कोरी घोडी काढली, सांबरशिंगाची जुनी घोडी अलगद सोडवून रुमालात बांधली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती शबनममध्ये न ठेवता मुठीत धरून ठेवली.

मग नवी घोडी बसवून त्यांनी तारा चढवल्या. चाचा आपल्या गोणपाटावर मांडी घालून बसले. कानस घेतली.

“चाचा,” बाईंनी विचारलं, “मी हे मोबाइलवर घेऊ का? आमच्याकडच्या पोरींना दाखवीन.”

“घ्या की.”

बाईंनी आपला साधा मोबाइल सरसाच्या डब्याला टेकवून उभा केला. श्रेणिकचा नवा कॅमेरा तिवईवर तसाच होता, झाकण न काढलेला. त्याने त्याला हात लावला नाही.

चाचांनी कानस फिरवली. एक. दोन. तीन. फुंकर मारली, बोटाने पुसलं, तारा मिळवल्या आणि छेडल्या. आवाज घुमला. अजून कोवळा होता, पण होता. बाईंचा चेहरा उमलला.

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. दाराबाहेर गेले आणि कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. चार वर्षांत त्यांचं चालणं किती म्हातारं झालं होतं, हे श्रेणिकला तेव्हा दिसलं.

मोबाइलसमोर रिकामं पोतं राहिलं.

बाईंनी सवयीने हात पुढे केला. चार्जिंग कमी होतं, गाडीत पुरायला हवं होतं.

“राहू द्या,” श्रेणिक म्हणाला.

“बंद नको करू?”

“नको.”

त्याने आपल्या बॅगेतला चार्जर काढला, भिंतीजवळच्या बोर्डात लावला आणि वायर बाईंच्या मोबाइलपर्यंत आणली. मग तो खाली फरशीवर बसला. या खोलीत तीन वर्षं तो नेहमी स्टुलावर बसत आला होता. बाईही जवळच बसल्या.

दोघं त्या पोत्याकडे पाहत राहिले.

आधी तारांचा घुमारा कानात होता. तो बराच वेळ गेला नाही. मग बाहेर एक रिक्षा गेली. कोणीतरी चाचांना सलाम केला, चाचांनी त्याच्या सुनेची तब्येत विचारली. शेजारच्या कारखान्यात रंधा चालू होता, तो थांबला. कडुनिंबावर कावळा ओरडला. श्रेणिकने दोनदा घड्याळाकडे बघायला मनगट उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. तिसऱ्यांदा घड्याळ काढून खिशातच घातलं. कान हळूहळू मोकळे होत गेले. इतके, की बाईंच्या मुठीतल्या रुमालाची सळसळही त्याला ऐकू आली.

पुसून टाकलेले ते सव्वातीन तास त्याला आठवू लागले, आणि आठवता आठवता त्याच्या लक्षात आलं की त्यातलं काहीच त्याला आठवत नाही. तेव्हा तो समोर होता, मोबाइलही चालू होता. पण पोतं रिकामं झालं की तो दुसरीकडे बघत असे. त्याचे डोळे भरून आले. बाईंनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

पाऊण तासाने चाचा आत आले. येताना तीन कप चहा घेऊन आले होते, दोन एका हातात, एक दुसऱ्या हातात. ते कप त्यांनी दोघांसमोर आणि आपल्यासमोर ठेवले. पोत्यावर बसले. तार छेडली, मान कलती करून ऐकली, आणि बराच वेळ काहीच केलं नाही.

मग कानस उचलली. उचलताना त्यांचं लक्ष चालू मोबाइलकडे, भिंतीपर्यंत गेलेल्या वायरीकडे आणि फरशीवर बसलेल्या श्रेणिककडे गेलं.

“आता बंद केलंस तरी चालंल,” चाचा म्हणाले. “आता नुसतं घासायचं हाय.”